कोपऱ्यातल्या भिंतीचा पहिला चढ

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या चढाईच्या जिममध्ये शिडीलाही होते. जुन्या गोदामात उभारलेल्या उंच भिंती, खाली जाड गाद्या, वरून लोंबणारे दोर, आणि कुठल्या ना कुठल्या भिंतीला टेकवलेली एक शिडी. त्या शिडीवर पन्नाशीला आलेला एक ताडमाड माणूस, कमरेला पिशवी आणि हातात पाना घेऊन, काहीतरी आवळत किंवा सैल करत असायचा. सगळे त्याला शिडीदादा म्हणत. डोक्यावरच्या पंख्याकडे जसं कुणी बघत नाही, तसं त्याच्याकडेही कुणी बघत नसे. लोक खाली बसून बूट बांधता बांधता खुशाल बोलत आणि वर सगळं ऐकू जाई.

बोलणं तरी काय, तर तक्रारी. भाड्याच्या बुटांना वास येतो. हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीने घसा बसतो. संध्याकाळी भिंतीसाठी रांग लावा, आणि एकदाचा नंबर लागला की कुणाची तरी पोरं गाद्यांवरून धावत सुटणार. "डावा पाय, अहो डावा पाय!" असं खालून न मागता ओरडणाऱ्यांचा सगळ्यांनाच वैताग, आणि ओरडत सगळेच. त्यातून सगळ्यात मोठं दुःख म्हणजे, कितीतरी दिवस झटून जमत आलेली वाट एका सकाळी भिंतीवरून गायबच झालेली असे. खऱ्या कड्यांवर जाणारे एकदोन महाभाग होते. ते नाक उडवून सांगत, की याला काही अर्थ नाही, खरी चढाई बाहेर. दुरून डोंगर साजरे! ऊन जरा तापलं की हेच महाशय सगळ्यांच्या आधी इथे पंख्याखाली हजर.

कौतुकही होई, पण ते आडून. एकजण म्हणे, ऑफिसात दिवसभर डोक्याचं भजं होतं, इथे मात्र पुढच्या पकडीखेरीज काही सुचतच नाही. दुसरी म्हणे, इथे पडायची लाज वाटत नाही, कारण सगळेच पडतात. अनोळखी माणसाच्या हाती आपला दोर द्यायचा, वर जायचं, आणि खाली आल्यावर त्याच माणसाबरोबर चहा प्यायचा, असं दुसरीकडे कुठे होतं? हे शिडीदादाला मनापासून पटे. त्याचं लग्नच मुळी तसं जमलं होतं.

मूळचा तो सुतार. जिमच्या भिंतींना प्लायवूड ठोकायला आला, काम संपल्यावर गंमत म्हणून एकदा चढला आणि तिथलाच झाला. तेव्हा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक मुलगी पाठ मोकळी करायला येत असे. ठेंगणी, कमी बोलणारी, पण पायांची मोठी पक्की. एकदा त्याचा जोडीदार आला नाही, म्हणून तिने त्याचा दोर धरला. तो घसरला, तिने झेलला, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. काही वर्षं दोघं मिळून चढायची. मग तिने चढणं सोडलं. "कंटाळा आला," म्हणाली. त्याला ते खरं वाटलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

त्याचं काम भिंतीवर वाटा लावण्याचं. एका रंगाच्या पकडी म्हणजे एक वाट, आणि त्या रंगाखेरीज दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पकड कुठे लावायची, किती तिरकी, पायाला आधार द्यायचा की तरसवायचं, हे सगळं त्याच्या हातात. मापाची पट्टी म्हणजे त्याचा स्वतःचा हात. एका पकडीवर उभं आहोत असं धरायचं, उजवा हात वर ताणायचा, बोटं पोचतात तिथे पुढची पकड. सुताराने सगळ्या घराची कपाटं स्वतःच्या उंचीने करावीत, तसला हा प्रकार. कमी उंचीची माणसं खालून कुरकुरत, आणि तो वरून मनात म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं.

जिमच्या मालकीणबाई वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान, पण नियमाला कडक. त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. वाट लावणाऱ्याने ती आधी स्वतः चढून दाखवायची, त्याखेरीज ती कुणासाठी उघडायची नाही. याला सगळे पहिला चढ म्हणत. पूर्वी कधीतरी न तपासलेल्या वाटेवर एकाचा घोटा मोडला होता, तेव्हापासून बाईंनी सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी पहिला चढ जमणार नाही, त्या दिवशी शिडी दुसऱ्याच्या हातात. मग ते तुम्ही असा नाहीतर मी." पहिल्या चढाला शिडीदादाचा दोर त्याची बायको धरी. तिचं चष्म्याचं दुकान उशिरा उघडे, त्यामुळे सकाळी तिला वेळ असे. तेवढा एक संबंध तिने चढाईशी राखला होता.

आणि थंडी सुरू झाली तसा त्याचा उजवा खांदा गेला. पडून वगैरे नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर ड्रिल धरून आतल्या आत झिजला आणि एक दिवस हात कानाच्या वर जाईनासा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं कमी होईल, हात पूर्वीसारखा व्हायचा नाही. घरी बायको त्याला शर्टात हात घालायला मदत करी. "कुणाला बोलू नकोस," त्याने बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिडीवरून उतरलेल्या माणसाला जिममध्ये काय काम, गाद्या झटकायचं? ती कल्पनाही त्याला सोसत नव्हती.

मग त्याने युक्ती काढली. आपला हात जेवढा वर जातो, तेवढ्यातच पकडी लावायच्या. जवळजवळ पकडी, पायाला भरपूर आधार, हात ताणण्याऐवजी अंग वळवून, कंबर भिंतीला लावून वर सरकायचं. अशा वाटा तो स्वतः दातओठ आवळून चढे आणि पहिला चढ पार पडे. मालकीणबाईंना त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

खाली मात्र बोलणं बदललं. एक उंच पोरगेला इंजिनिअर होता, उंटराव त्याचं टोपणनाव. तो कुरकुरायला लागला, "काय हे, गुडघे हनुवटीला लागतात! दादांनी भिंत आकसवली की काय?" आणि प्राथमिक शाळेतली एक ठेंगणी शिक्षिका बूट काढता काढता मैत्रिणीला म्हणाली, "हल्ली किती छान वाटा लावतात गं! मी पहिल्यांदाच वरपर्यंत गेले." दुसऱ्या कुणाला हे ऐकून मूठभर मांस चढलं असतं. शिडीदादाला मात्र ते खांद्यापेक्षा जास्त लागलं. त्याच्या लेखी त्या पडेल वाटा होत्या, हरलेल्या माणसाने लावलेल्या. त्याने पकड इतकी आवळली की पाना घसरून बोट सोललं.

अशात कोपऱ्यातली भिंत बदलायची वेळ आली. दारातून शिरल्यावर पहिली दिसते ती ही भिंत. फार अवघड नाही, फार सोपीही नाही, येणारा प्रत्येकजण तिच्यावर हात मारून बघतो. शिडीदादाने आठवडाभर खपून तिच्यावर हिरवी वाट लावली. खांद्यामुळे सगळं जवळजवळ लावलं खरं, पण वाट झाली मोठी सुरेख. एकेक पाऊल विचार करायला लावणारं, आणि विचार केला की सुटणारं. त्याला स्वतःलाही ते कळलं. तिथेच थांबला असता तर बरं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटची पकड लावताना त्याला उंटरावाचं ते आकसलेल्या भिंतीचं बोलणं आठवलं. त्याने शिडी दोन पायऱ्या वर नेली, आणि पूर्वी जिथे त्याचा हात पोचला असता तिथे, हातभर उंच, ती पकड ठोकली. पहिल्या चढाला डाव्या हाताने कसंतरी बघून घेऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पहिल्या चढाच्या सकाळी खांदा असा धरला की कमरेचा पट्टा बांधायलाही हात मागे जाईना. मालकीणबाई चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभ्या. शिडीदादा बकलाशी झटापट करत, कपाळावरचा घाम पुसत उभा. बायकोने हे क्षणभर पाहिलं. मग तिने त्याच्या हातातून पट्टा घेतला आणि सरळ स्वतःच्या कमरेला बांधला.

"आज मी जाते. तू दोर धर."

"तुम्ही?" मालकीणबाई हसल्या. "वहिनी, किती वर्षांनी! पण नियमाप्रमाणे दादांनी—"

"ते जातीलच नंतर. मला आधी बघू दे की."

शिडीदादाची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर आपण लगेच चढावं लागेल, आणि चढावं तर पितळ उघडं. त्याने निमूटपणे दोर धरला. ते काम कमरेपाशीचं, त्याला खांदा लागत नाही.

ती चढायला लागली. सुरुवातीला अंग अवघडलेलं होतं, एकदा पाय सुटला, मध्येच दोरावर बसून तिने दम खाल्ला आणि हात झटकले. पण पाय विसरले नव्हते. कंबर भिंतीला लावायची तिथे तिने लावली, वळायचं तिथे वळली, जणू प्रत्येक पकड तिला विचारून लावली होती. मालकीणबाई चहा प्यायच्या थांबल्या. शिडीदादा दोर ओढत वर बघत होता. आपल्या वाटेवर आपल्या बायकोला असं चढताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्याला इतका आनंद झाला की क्षणभर तो खांदा विसरला.

मग शेवटची पकड आली. तिने हात वर नेला. टाचा उचलल्या, अंग ताणलं. बोटं आणि पकड यांच्यात हातभर कोरी भिंत उरली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि पुन्हा दोरावर बसली.

"अरे," ती वरून शांतपणे म्हणाली, "ही शेवटची कोणासाठी लावलीस?"

"दादा, काहीतरी युक्ती असणार," मालकीणबाई म्हणाल्या. "वहिनींना खाली घ्या आणि तुम्ही दाखवा."

आता काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. आज जरा कणकण आहे, उद्या दाखवतो, असं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण वर बायको लोंबकळत होती, आणि तिने विचारलेल्याचं खरं उत्तर त्याला माहीत होतं.

"मला नाही पोचत," तो म्हणाला. "खांदा गेलाय बाई. थंडी सुरू झाल्यापासून. हात वर जात नाही. ही पकड मी... पूर्वी मला पोचत होती, म्हणून लावली."

मालकीणबाईंनी कप गादीच्या कडेला ठेवला.

"खांद्याचा राग नाही आला," त्या म्हणाल्या. "लपवलंत याचा आला. न पोचणारी पकड तुम्ही लोकांसाठी उघडणार होतात, दादा."

"हो."

"मग आजपासून पहिला चढ तुमचा नाही."

शिडीदादाने मान हलवली.

"शिडी तुमचीच," बाई पुढे म्हणाल्या. "गेल्या काही महिन्यांत लोक जेवढे खूश आहेत तेवढे मी कधी पाहिले नाहीत. पण चढून बघणारं माणूस दुसरं. ते म्हणेल ती पकड हलवायची. वाद घालायचा नाही. जमेल?"

"जमेल."

"तुमचं ठरलं असेल तर मला खाली घ्या!" वरून आवाज आला. "माझ्या मांड्यांना मुंग्या आल्यात."

त्याने तिला हळूहळू खाली घेतलं. मग डाव्या हाताने शिडी ओढत आणली, वर चढला आणि ती शेवटची पकड सोडवली. ती कुठे लावायची हे त्याने या वेळी हात ताणून मोजलं नाही. खाली बघून विचारलं, "इथे?" ती म्हणाली, "अजून खाली." त्याने खाली आणली. "आता जरा डावीकडे." त्याने डावीकडे घेतली आणि आवळली.

दुसऱ्या खेपेला ती थांबत थांबत, पण वरपर्यंत गेली. शेवटच्या पकडीवर दोन्ही हात ठेवून ती बराच वेळ तिथेच राहिली. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि दार उघडायला निघून गेल्या. ती खाली आली तेव्हा तोंड लाल झालं होतं आणि केसात पांढरी पूड. ती गादीवर बसून बुटांचे बंद सोडायला लागली. तो तिच्याशेजारी बसला. पहिला चढ गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून दुसरंच काहीतरी त्याला टोचत होतं.

"तुला कंटाळा आला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? पोचत नाही म्हणून सांगायचंस!"

"सांगितलं होतं की," ती बूट काढत म्हणाली. "तू शिडीवर होतास. म्हणालास, उडी मार."

असं आपण म्हणालो असू, याबद्दल त्याला जरासुद्धा शंका वाटली नाही.

"मग?" त्याने हळूच विचारलं.

"मारली. तू बघत नव्हतास."