लॅपटॉपातला सिद्धनाथ

म्हसवडजवळच्या त्या वाडीत बिराप्पा कोळेकर हा एकच माणूस असा, की ज्याचं काम काय ते कुणालाच कळत नव्हतं, पण ज्याच्याकडं प्रत्येकाचं काम असायचं. एकाला विम्याचा फॉर्म भरून हवा, दुसऱ्याच्या मोबाइलात फोटो दिसत नाहीत, तिसऱ्याचं पोरगं दहावीला आपटलंय तर "कॉम्प्युटरमधनं काय जमतंय का बघ की, गड्या." बिराप्पा होता जावा डेव्हलपर. गावोगावच्या दूध डेऱ्यांसाठी पुण्यातली एक छोटी कंपनी सॉफ्टवेअर बनवायची, ते हा घरी माडीवर बसून लिहायचा. हे त्यानं पारावर एकदा समजावून सांगितलं होतं. "म्हंजे दुधाच्या लायनीत हायस," असं म्हणून लोकांनी विषय मिटवला.

घरातनं काम मिळावं म्हणून त्यानं पुण्यातली बरी नोकरी सोडून ही धरली होती. कारण माया, त्याची बायको. माया झेडपीची शिक्षिका. लग्न झालं तेव्हा तिची शाळा कवठे महांकाळकडं आणि हा पुण्यात. नवराबायकोची भेट सुट्टीच्या रविवारी, त्यातला अर्धा रविवार एसटीत जायचा आणि उरलेला धुणं वाळवण्यात. बदलीसाठी मायानं अर्जावर अर्ज केले, साहेबांपुढं उभी राहिली, एकदा रडलीसुद्धा, तेव्हा कुठं यंदा म्हसवडची शाळा मिळाली. आता दोघं एका छपराखाली. भांडण समोरासमोर करता येतं याचंच दोघांना कोण अप्रूप!

घरात तिसरी बिराप्पाची आई, भामाबाई. अर्धा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. आता मेंढरं दिराकडं गेली होती आणि भामाबाईच्या हुकमाखाली उरले होते मुलगा, सून आणि दोन शेरडं. त्यात ऐकायची फक्त शेरडं.

या घरात एक रीत होती. नवी वस्तू आली की वापरायच्या आधी तिच्यावर म्हसवडच्या नाथबाबाचं नाव पडायचं. पाण्याच्या मोटरीवर 'सिद्धनाथ प्रसन्न'. टाकीवर 'सिद्धनाथ प्रसन्न'. मायाच्या स्कुटीवर पुढं 'सिद्धनाथ प्रसन्न' आणि मागं 'वाट बघतोय घरी कोणीतरी'. मिक्सरवर तर भामाबाईनं हळदीच्या बोटानं टिळा लावून नाथबाबाला साकडं घातलं होतं, तेव्हापासून तो दणक्यात चालत होता.

नव्या कामासाठी बिराप्पानं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा भामाबाई ताट घेऊन माडीवर हजर. लॅपटॉप चालू झाला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, वापरणाऱ्याचं नाव काय? बिराप्पा आपलं नाव टाइप करायला लागला.

"थांब," भामाबाई म्हणाली. "आदी देवाचं."

आईशी वाद घालण्यापेक्षा टाइप करणं सोपं. बिराप्पानं मराठी कीबोर्ड लावला आणि ऐटीत टाकलं, 'सिद्धनाथ प्रसन्न'. लॅपटॉपनं निमूट मान्य केलं. भामाबाईनं ओवाळलं. माया हसून हसून बेजार झाली, कारण आता लॅपटॉप उघडला की तो नाथबाबाचंच स्वागत करायचा. इथवर सगळं छान.

मग कामाला सुरुवात झाली आणि बिराप्पाची झोप उडाली.

जावाचा कोड लिहायचा, तपासायचा, चालवायचा, हे सगळं एकाच जागी करून देणारं एक भलंमोठं सॉफ्टवेअर असतं. त्याला आयडीई म्हणतात. बिराप्पा तिला बया म्हणायचा. बया उघडली की आधी खाली एक पट्टी सरकत राहायची, इंडेक्सिंग, म्हणजे प्रोजेक्टातल्या सगळ्या फायली बघून नोंदवून घ्यायच्या. तोवर आपण गप बसायचं. भामाबाई चहा घेऊन आली तेव्हा पट्टी सरकतच होती.

"काय करतीया ही?"

"मोजतीया. सगळ्या फायली मोजून घेती."

"आन् काल?"

"काल बी मोजल्या."

"का? मदी कुणी चोरून नेल्या व्हय?"

"न्हाई गं."

"मग कालचा आकडा इसरली? आसला गडी आमच्या मेंढरांच्या वाड्यावर असता तर पयल्याच मुक्कामाला हाकलला असता मी."

मोजणी संपली आणि बयेनं खरा रंग दाखवला. सगळा कोड लालेलाल. प्रत्येक ओळीखाली लाल रेघ. स्ट्रिंग म्हणजे जावातलं अ आ इ, पण बया तिलाही ओळख दाखवेना. बिराप्पानं जगातला प्रत्येक डेव्हलपर करतो तेच केलं. आधी बया बंद करून चालू केली. मग तिची साठवण पुसून परत चालू केली. मग शिव्या दिल्या. तिला जास्तीची मेमरी दिली, ती तिनं खाल्ली आणि लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला की खालून भामाबाईनं विचारलं, "बिरू, गिरण चालू केलीस काय?"

इंटरनेटवर शोधलं तर एका बाबाची हुबेहूब हीच अडचण, कित्येक वर्षांपूर्वीची. बिराप्पाचा जीव भांड्यात पडला. खाली त्या बाबानंच लिहिलं होतं, 'सुटलं, सर्वांचे आभार.' कसं सुटलं ते लिहिलेलं नाही! त्या नालायकाला बिराप्पानं जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की लॅपटॉपवर जावाच्या दोन आवृत्त्या आहेत, एक जुनी, एक नवी. जेवताना तो मायाला हे सांगत होता, तेवढ्यात भामाबाईनं भाकरी थापता थापता निकाल दिला. "दोन जावा एका घरात? मग कुटनं सुख लागायचं!" बिराप्पानं जुनीला घराबाहेर काढलं. काहीएक फरक पडला नाही.

टीमची प्रमुख होती पुण्याची प्रांजल. हुशार बाई, पण धीर नावाची चीज नाही. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "माझ्या मशीनवर चालतंय." हे वाक्य प्रत्येक ऑफिसात रोज बोललं जातं आणि त्यानं आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही.

"सगळ्यांचं चालतंय बिराप्पा, तुझंच का नाही? गुरुवारपर्यंत चालव. नाहीतर सोमवारपासून पुण्यात येऊन बस. सरांना तसंही हे घरून काम करणं पसंत नाही."

बिराप्पानं कॉल बंद केला आणि खिडकीतनं खाली बघितलं. अंगणात माया स्कुटी पुसत होती.

बुधवारी शाळेतनं आल्या आल्या माया माडीवर आली आणि त्याच्या खांद्यावरनं स्क्रीन बघत उभी राहिली.

"चौथीतल्या नापास पोराच्या वहीत पण एवढं लाल नसतं," ती म्हणाली. "आणि ही खालची प्रश्नचिन्हं कसली? ओळीनं एवढे प्रश्न कोण विचारतंय?"

"ती येत्यात तशीच. तिकडं बघू नको," बिराप्पा म्हणाला आणि मग त्यानं स्वतःच तिकडं बघितलं.

आठवडाभर तो त्या ओळींवरनं नजर फिरवत पुढं पळत होता. प्रत्येक चुकीच्या निरोपात फोल्डरचा पत्ता होता आणि त्या पत्त्यात, वापरणाऱ्याचं नाव असतं तिथं, प्रश्नचिन्हांची एक रांग, मग जराशी फट, मग दुसरी रांग. म्हणजे दोन शब्द.

"आयला," बिराप्पा म्हणाला. "नाथबाबा!"

झालं होतं असं. लॅपटॉप ज्याच्या नावानं सुरू होतो त्याच्याच नावाचं फोल्डर बनवतो, आणि सगळा संसार त्या फोल्डरात मांडतो. बयेला मराठी येत होती. पण तिच्या हाताखाली एक जुनाट हत्यार कामाला होतं, त्याला इंग्रजीपलीकडं ओ की ठो कळत नव्हतं. देवाचं नाव दिसलं की ते प्रश्नचिन्हं मांडायचं, मग प्रश्नचिन्ह नावाचं फोल्डर शोधत हिंडायचं. ते काही सापडायचं नाही. म्हणून लाल, लाल आणि लाल.

उपाय सोपा होता. नवं खातं, इंग्रजी नावाचं. अवघड होतं ते आईला सांगणं. बिराप्पा खाली गेला, माया मागोमाग, कारण असा तमाशा ती सोडणार नव्हती.

"आई, लॅपटॉपात नाथबाबाचं नाव चालंना. दुसरं घालावं लागतंय."

भामाबाईनं शेरडीपुढचा पाला खाली ठेवला. "चालंना म्हंजे? ज्याच्या नावावर एवढं घर चाललंय, ते तुज्या पेटीत चालंना?"

बिराप्पानं फोल्डर सांगितलं, पत्ता सांगितला, प्रश्नचिन्हं सांगितली. भामाबाई ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजे तू नाव आत घातलंस?"

"तूच म्हणालीस, आदी देवाचं."

"आरं मी काय म्हनलं आन् तू काय केलंस, मुडद्या! मोटरीवर नाव कुटं हाय? भाईरनं. टाकीवर? भाईरनं. स्कुटीवर? म्होरल्या अंगाला. देवाला कुनी इंजनात कोंबतंय व्हय? वंगनात, अंधारात? त्यो प्रश्न इचारनार न्हाई तर काय करनार!"

माया भिंतीला धरून खाली बसली. बिराप्पाला हसावं का रडावं कळेना. तो वर गेला, 'बिरू' नावाचं इंग्रजी खातं काढलं, प्रोजेक्ट तिकडं नेला, आणि बया पहिल्या फटक्यात हिरवी झाली. संध्याकाळी भामाबाईनं म्हसवडहून 'सिद्धनाथ प्रसन्न'चं रेडियमचं स्टिकर मागवून लॅपटॉपच्या पाठीवर स्वतःच्या हातानं चिकटवलं. थोडं तिरकं बसलं.

गुरुवारी बिराप्पानं छाती काढून प्रांजलला सगळं सांगितलं.

"यूजरला देवाचं नाव? कोण ठेवतं असं?"

"आमच्याकडं सगळेच ठेवत्यात. आणि मॅडम, आपलं डेरीचं सॉफ्टवेअर पण तेच जुनं हत्यार वापरतंय. तिथं पण हाच घोळ होणार. दुरुस्त करू का?"

"असा कस्टमर नसतो, बिराप्पा. त्यात वेळ नको घालवूस. आणि हे बघ, सरांनी ठरवलंय. एवढ्याशा गोष्टीत आठवडा गेला. सोमवारी पुण्यात ये."

तो खाली येऊन मायाला म्हणाला, "चाललंय, पण पुण्याला बोलवलंय." मायानं माळ्यावरची बॅग ओढून काढली, दाणकन जमिनीवर आपटली आणि तिच्यावरच बसली.

"परत ते रविवार रविवार मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुमी हितं पायजेत मला. बदलीसाठी मी कुणाकुणाच्या पाया पडले ठाऊक हाय न्हवं?"

बिराप्पाला रडू आलं, ते त्यानं माडीवर नेलं. आणि रागाच्या भरात माणसं दुसऱ्याचं डोकं फोडतात, तसं यानं शुक्रवारी, कुणी सांगितलेलं नसताना, डेरीच्या सॉफ्टवेअरातलं ते जुनाट हत्यारच उपटून टाकलं. नवं बसवलं. जुन्या 'सिद्धनाथ प्रसन्न' खात्यावर जाऊन चालवून बघितलं. ठणठणीत चाललं. कुणाला दाखवणार? नोकरीच्या नावानं चार शिव्या हासडून त्यानं काम जपून ठेवलं.

शनिवारी भामाबाई शर्टांच्या घड्या घालत होती आणि माया त्या बॅगेत कोंबत होती, तेवढ्यात प्रांजलचा फोन आला. ती सरांबरोबर इस्लामपूरकडच्या एका डेरीत सॉफ्टवेअर दाखवायला गेली होती. मागं चेअरमन कुणावर तरी ओरडत होते.

"बिराप्पा, इथं चालू होत नाहीये. स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं."

"मॅडम, त्या मशीनवर यूजरचं नाव काय हाय?"

पलीकडनं एकदम बारीक आवाजात उत्तर आलं. "ज्योतिर्लिंग प्रसन्न."

"अरारा," बिराप्पा म्हणाला. "कोण ठेवतं असं नाव?"

"बिराप्पा, प्लीज. चुकलं माझं."

त्यानं कालची दुरुस्ती पाठवली आणि फोन कानाला लावून बसला. जरा वेळानं चेअरमनांचं ओरडणं थांबलं, मग कुणीतरी चहा सांगितला.

"चाललं," प्रांजल म्हणाली. "ऐक. चेअरमननी इथल्या अजून दोन डेऱ्यांत फोन करून विचारलं. एकीत हनुमान, एकीत खंडोबा. इथं प्रत्येक मशीनमध्ये कोणी ना कोणी देव बसलेलाच आहे. सर म्हणतायत, तू पुण्यात येऊन उपयोग नाही, तिथंच थांब. आणि ते तुझं जुनं खातं आहे ना अजून? ते ठेव. यापुढं काहीही बाहेर जायच्या आधी त्याच्यावर चालवून बघायचं. त्यानं पास केलं तरच पुढं."

बिराप्पा जिना उतरून खाली आला. माया बॅगेची चेन ओढता ओढता थांबली.

"काय म्हणाल्या?"

"नाथबाबाला कंपनीत घेतलं," बिराप्पा म्हणाला. "तपासनीस म्हणून. घरातनंच काम."

"आणि तुम्हाला?"

"मला त्याच्या हाताखाली."

मायानं त्याच्याकडं बघितलं, मग बॅगेकडं, आणि एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागली. बिराप्पा तिथंच शर्टांच्या ढिगावर बसला आणि तोही हसत रडत राहिला. भामाबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि बॅगेचं कापड बोटांनी चाचपलं.

"जायचं न्हाई न्हवं? मग ही हिकडं आना. शेरडांची पेंड ठिवाय घट हाय."

मायानं बॅग उलटी करून सगळे शर्ट खाली पाडले आणि रिकामी बॅग सासूच्या हातात दिली.