मी दाखवलेली सहा झाडं

"आमच्या डोंगरावर ये एकदा, झाडं निवडायला पाहुणा लागतो आम्हाला." होस्टेलच्या व्हरांड्यात चिकूची पेटी खाली ठेवताना माझी मैत्रीण हेमा हिचे बाबा मला म्हणाले होते. त्याला बावीस-तेवीस वर्षं झाली. मला काही कळलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. आता बाबा नाहीत. या महिन्यात, म्हणजे एप्रिल २०१७ मध्ये, हेमाचा फोन आला, "यंदा तोडीची परवानगी मिळालीये. दादा विचारतोय, येतेस का?" मी लगेच हो म्हटलं. ब्लॉगसाठी वेगळा विषय मिळेल, हेही तेव्हाच मनात आलं होतं. ते लपवत नाही.

शुक्रवारी पहाटे ठाण्याहून गाडी काढली. डहाणूला जाणाऱ्यांनी हायवेवर चारोटीला डावीकडे वळायचं. मी मात्र सरळ तलासरीपर्यंत गेले, कारण हेमा तिथल्या शाळेत शिकवते आणि तिला घ्यायचं होतं. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे नाश्त्याला फाफडा आणि तळलेली मिरची. दोघींचे ऐंशी रुपये झाले. गल्ल्यावरचा माणूस एकाशी गुजरातीत, दुसऱ्याशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता. "वीस रुपये सुट्टे नाहीत, ताई. मिरच्या देऊ वीसच्या?" हेमा म्हणाली, "एवढ्या मिरच्या खाल्ल्या तर वर्गात पोरं मला घाबरतील." "मग तर घ्याच," तो म्हणाला.

परत चारोटीला येऊन डहाणूच्या रस्त्याला लागलो. पेट्रोल इथेच भरा. रस्त्याकडेला ताडगोळे मिळतात, सोलूनच घ्या, नखं वाचतात. गंजाडच्या पुढे आत वळलं की फोनची रेंज जाते आणि शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे, लहान गाडीचं पोट घासतं.

हेमाच्या घरची चिकूची वाडी आहे. वाडीच्या मागे डोंगर, त्यावर त्यांच्या मालकीचं जंगल. चारी बाजूंनी वाड्या आणि भाताची खाचरं, मधे हे एवढंच गर्द. समुद्रातलं बेट दिसावं तसं. आजूबाजूचे असेच डोंगर मी येताना पाहिले होते, बोडके.

"ते का गेले आणि हा का राहिला?" जेवताना मी हेमाच्या दादाला विचारलं. वहिनीने ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती.

"आज्याने दोन नियम घातले म्हणून," दादा म्हणाला. "परवानगी कितीही झाडांची असो, एका वर्षी निम्मीच तोडायची. आणि कुठली तोडायची ते घरच्याने ठरवायचं नाही. घरचा माणूस लाकडाकडे बघतो. पाहुणा झाडाकडे बघतो."

मला हे फार आवडलं. रात्री वहीत लिहूनही घेतलं.

शनिवारी सकाळी डोंगर चढलो. साठीचे लखमाकाका पुढे होते. त्यांच्या वडिलांपासून या डोंगरावरची तोड त्यांच्याच घराकडे आहे. बारा झाडांची साल तासून नंबर टाकलेले होते, त्यातली सहा मला निवडायची होती. काका प्रत्येक झाडावर कुऱ्हाडीचा उलटा दांडा हाणत. भरीव झाड टणक वाजायचं, पोकळ झाड ढबढब. मी मनाशी सोपा हिशेब केला. भरीव झाडं अजून शंभर वर्षं जगतील, ती राहू देत. म्हातारी, पोकळ, अर्धी वाळलेली जाऊ देत. एकेक करून सहा पोकळ झाडांकडे बोट दाखवलं.

"दादाचं तोंड बघ," हेमा हळूच म्हणाली. "सगळा जळाऊ माल निवडलास."

"पाहुणीचं बोट," दादा म्हणाला आणि हसला. जंगल वाचवल्यासारखं वाटत होतं मला. खरंच वाटत होतं.

सात नंबरचा कळंब त्यातलाच. त्याच्या खोडाला एक राखाडी पक्षी बिलगला होता, मोठ्या वाकड्या चोचीचा. धनेश. चोचीतलं उंबर त्याने खोडाच्या एका फटीत सरकवलं आणि उडून गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मी भराभर फोटो काढले. फळं साठवून ठेवत असेल, असं वाटलं. लखमाकाका खाली उभे राहून माझ्याकडे बघत होते.

रविवारी तोड सुरू झाली. पहिलं झाड नीट पडलं. दुसरा सात नंबर. करवत खोडातून अर्ध्यावर गेली, झाड करकरलं, आडवं झालं आणि आपटून उभं फाटलं.

आत मादी होती.

तिची उडायची पिसं गळलेली होती. ज्या फटीतून नर तिला भरवत होता, ती सोडून ढोलीचं बाकी तोंड तिने माती आणि विष्ठेने आतून लिंपून घेतलं होतं. पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत ती अशी स्वतःला कोंडून घेते, हे मी त्या दिवशी शिकले. तिची मान मोडली होती. खाली दोन पिल्लं, एक चिरडलेलं, एक जिवंत, गुलाबी, डोळे मिटलेलं. मी तिथेच पाचोळ्यात बसले.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"होय बाय. होळीपासून बसलेली ती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना माझा प्रश्नच समजला नसावा. "तुम्ही फोटो काढीत होतात ना? मला वाटलं, बाईने बघितलं, मग बोट दाखवलं." मग म्हणाले, "नि पाहुण्याच्या बोटावर आमी नाय बोलत. दादाच्या आज्यापासून नाय बोललो."

कॅमेरा गळ्यातच होता. काल काढलेला फोटो मोठा करून पाहिला. फटीतून बाहेर आलेलं दुसऱ्या चोचीचं टोक त्यात स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात नर आला. जिथे फट होती त्या उंचीवर, हवेत पंख फडफडवत राहिला. चोचीत फळ होतं. मग बाजूच्या ऐनाच्या झाडावर बसला आणि तिथून हलला नाही. दुपारी वनरक्षकाने येऊन पंचनामा केला, जिवंत पिल्लू खोक्यात घालून नेलं. झाड परवानगीतलंच होतं, असं त्याने दादाला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मी दादाला म्हटलं, "उरलेली चार नका तोडू."

"मला आनंद होतोय का?" तो म्हणाला. "पण आज तू बदललंस, तर पुढच्या वर्षी माझा मुलगा बदलेल. त्याला साग हवे असतील. हा डोंगर कशामुळे उभा आहे ते तुला परवा सांगितलं ना?" त्याने दोन दिवस काम बंद ठेवलं. बुधवारी माणसं पुन्हा चढतील.

आज मंगळवार. मी ठाण्यात माझ्या टेबलाशी आहे. पिल्लू काल रात्री गेलं, हेमाने कळवलं. तिच्यामार्फत काकांना विचारलं, उरलेल्या चारांत काय आहे. एकात पिंगळे. एकात पोपट. दोनांचं नक्की नाही, पण रिकामी नाहीत. जंगल राखायचं म्हणून मी झाडं निवडली आणि ज्यांत कुणी राहत होतं नेमकी तीच मरायला पाठवली. भरीव झाडात कोण राहणार होतं? हे मला सुचायला हवं होतं. तुमच्यातलं कुणी कधी अशा डोंगरावर गेलं, तर खोडावर दांडा हाणणाऱ्या माणसाला आधी विचारा की आत कोण आहे. तो आपणहून सांगणार नाही.

दादा चुकतोय असं मला म्हणता येत नाही. तरी थोड्या वेळाने मी वाडीवरच्या फोनवर त्याला फोन करणार आहे. काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलंय. दादा, निवडणारी मीच होते, तर नियम मोडणारीही मलाच होऊ दे. त्या चार झाडांवरून माझं बोट मागे घेते. तोडायचीच असतील तर उरलेल्या भरीव सहांतली चार तोड आणि तुझ्या मुलाला सांग की आत्याची मैत्रीण शब्दाची पक्की नव्हती.