राहीआत्तीचं कारवानी

शिकारी माणूस कारवानी कुत्रं घेताना त्याची छाती आणि पाय बघतो. आमच्या राहीआत्तीनं पिल्लं विकणाऱ्या जतच्या धनगरालाच पटका हलवत लांबच्या बांधापर्यंत पाठवलं. बाकीची पिल्लं खेळत राहिली, एकानं मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही. तेच तिनं उचललं. "म्हातारी आता ससं धरणार," म्हणून गाव हसलं. गावाला दुसरं येतं काय?

आत्तीला अंगणापलीकडचं दिसत नव्हतं. एकुलता लेक कृष्णात पलटणीत. रजेवर आला की कुत्रं त्याच्याच पायाशी.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते एकाएकी उठलं आणि इस्लामपूरच्या वाटेकडं मान ताणून उभं राहिलं. आम्हाला वाट मोकळीच दिसत होती. आत्तीनं त्याच्या थरथरत्या पाठीवर हात ठेवला.

"कृष्णात आला," ती म्हणाली आणि तिनं चुलीवर तवा ठेवला.

भाकरी फुगली, तेव्हा कुठं आम्हाला वाटेवर ठिपका दिसला.