अप्पांच्या इंजिनाला काय झालं

महानंदाचा फोन आला तेव्हा मी नांदेडला विष्णुपुरीच्या घरी चहा गाळत होतो. "सर, अप्पा गेले..." एवढंच बोलली. बसलिंगअप्पा म्हणजे लातूरच्या डाळ मिलांची यंत्रं दुरुस्त करणारे माझे मित्र, महानंदा त्यांची लेक. लातूरला पोचलो तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे अप्पांना बसवून ठेवलं होतं, पाठ ताठ, गळ्यात हार. मला वाटलं, आता डोळे उघडतील आणि माझ्याकडे बघतील. मी चक्क मागच्या रांगेत सरकलो.

अप्पांचं वेड एकच, स्टर्लिंग इंजिन. डिझेल नको, पेट्रोल नको. बाहेरून जाळ लावायचा, आतली हवा फुगते-आकसते आणि दट्ट्या हलतो. जाळायला तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं जुन्या तीनचाकीवर त्यांनी हे नऊ वर्षं खपून बसवलं. मी कॉलेजात हेच शिकवणारा, म्हणून पुस्तकी सल्ला माझा. ते चालायचं इतकं हलकं, की अप्पा म्हणायचे, "गाय रवंथ करायली बघा, सर."

चार वर्षांपूर्वी ते प्रथमच रस्त्यावर काढलं. रेणापूरच्या वाटेवर शेळ्या आडव्या आल्या. अप्पांनी क्लच दाबून ब्रेक मारला. गाडी थांबली, पण ओझं सुटलेलं इंजिन सुसाट फिरायला लागलं. अप्पांनी जळत्या तुराट्या ओढून काढल्या, तरी धातूतली धग थोडीच जाते? थोडा वेळ थांबायचं होतं, बस्स. तापल्या बिडावर, ओतीव लोखंडावर, पाणी टाकू नये हे मी जन्मभर पोरांना शिकवलं, आणि मीच घाबरून कॅन उचलला. "पाणी नगं, सर!" अप्पा ओरडले. टण्ण... इंजिनाचं हेड, जाळावरचं बिडाचं टोपण, तडकलं.

माणसं जमली. "काय झालं, अप्पा?" अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोखंड हलकं निघालं, बाबा." मी रिकामा कॅन पाठीमागं धरला. पुढं त्यांच्या हाताला कंप सुटला आणि नवं हेड झालंच नाही. अप्पाचं इंजिन पहिल्या फेरीतच फुटलं, असं लोक हसून सांगत राहिले. आजही घरात ताटली पडली की मला तो टण्ण आवाज ऐकू येतो.

गेल्या आठवड्यात महानंदानं चाचण्यांची वही समोर ठेवली. अप्पा प्रत्येक बिघाडापुढं कारण लिहायचे, स्वतःची चूक असली तरी. मी एकदा तापमानाचा आकडा जरा सारखा करा म्हणालो, तर म्हणाले, "वहीत खोटं लिहून कसं चालंल?" शेवटच्या पानावर होतं, 'रेणापूर रस्ता. हेड तडकलं. कारण:' पुढं कोरं.

"मी लई येळा विचारलं, सर," महानंदा म्हणाली. "म्हणायचे, ते सरांना म्हाईत हाय, सर आले की लिहितील."

मी पेन घेतलं. 'पाणी मी ओतलं.' खाली सही केली. तीन शब्द लिहायला मला चार वर्षं लागली, आणि ज्यांनी जागा सोडली होती, ते वाचायला नाहीत.