दुमडलेल्या ओळीची जागा

अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डलुथ बंदरातली धान्याची कोठारं ज्या प्रोग्रॅमांवर चालतात, ते लिहिण्यात मार्लिस ट्वाइटचा जन्म गेला. बाई तोंडाने फटकळ, कामाला चोख. सोमवारी रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या आणायची आणि कुणी दुसरी उचलली की त्याच्याकडे बघत राहायची.

मग डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध धुकं साचायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कडेची नजर राहील. अक्षरं मात्र मोठी करत जावी लागतील." मार्लिसने अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

कारण प्रोग्रॅममधली ओळ डावीकडून किती आत सरकून सुरू होते, त्यावरच ती कोणाच्या हाताखालची हे ठरतं. 'झडप उघड' ही ओळ 'ट्रक खाली उभा असेल तर' हिच्या आत असली तर ठीक, बाहेर पडली तर गहू जमिनीवर. मोठ्या अक्षरांत ओळ पडद्यावर मावेना. उरलेला तुकडा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साधन, खाली दुमडायचा, पण तो थेट डाव्या कडेला नेऊन आपटायचा. आतल्या ओळीची शेपटी बाहेरच्या ओळीच्या तोंडासारखी दिसायची. मार्लिसला काही म्हणता काही उमजेना.

हा एडिटर ऑफिसातल्याच टोइवो कोस्केलाने तरुणपणी बनवलेला. ती त्याच्याकडे गेली.

"ओळी आखूड लिही," तो मान वर न करता म्हणाला. "दुमडायची वेळच येणार नाही."

"तू जेवतोस किती ते आखूड कर आधी. टोइवो, मला दिसत नाहीये रे."

टोइवोची बोटं कीबोर्डवर चालतच राहिली. साहेब, ब्रेंट, गोड बोलून गेला, "वसंतात सरोवराचा बर्फ फुटेपर्यंत बघू. मग विश्रांती घे, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." त्या दिवशी मार्लिस गाडीत बसून रडली. काम गेलं तर आपण कोण, हेच तिला कळेना.

शेवटी बाईने पदर खोचला. प्रत्येक ओळ कुठे मोडते ते शोधून, ती तिथेच तोडून, पुढच्या तुकड्याआधी मूळ ओळीइतकीच मोकळी जागा घालणारी करामत तिने लिहिली. पडदा झकास दिसला! तिने काम जतन केलं, सगळ्यांच्या कामात मिसळलं आणि घरी गेली. सकाळी ऑफिसात हाहाकार. तिच्या मोकळ्या जागा आणि मोडलेल्या ओळी खऱ्याखुऱ्या फाइलीत शिरल्या होत्या. एकही प्रोग्रॅम चालेना.

"अगं बाई!" टोइवो कपाळावर हात मारून ओरडला. "पडद्यावरची सोय फाइलीत घुसवलीस? फाइलीत ओळ एकच असते! दुमड असते ती फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी!"

"मग माझ्या डोळ्यांसाठी दुमड ना नीट!"

टोइवोने कपाळावरचा हात काढला. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला, तो पुढचा महिनाभर बसलाच. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा मोजायची, दुमडलेला तुकडा पडद्यावर दाखवताना तेवढाच आत दाखवायचा, फाइलीला हात लावायचा नाही. सोपं वाटलं. पण फार आतल्या ओळींना मोठ्या अक्षरांत जागाच उरेना. एकेक अक्षर शेंगेतल्या दाण्यासारखं खाली गळू लागलं. दोघं हसून हसून बेजार. मग मार्लिसनेच नियम सुचवला: आत सरकणं पडद्याच्या अर्ध्यापर्यंतच, त्यापुढे नाही.

बर्फाला तडे जाऊ लागले त्या आठवड्यात ब्रेंट टेबलापाशी आला. मार्लिसने अक्षरं वाढवली. ओळी दुमडल्या. आणखी वाढवली, पुन्हा दुमडल्या. आणि काय सांगू! प्रत्येक तुकडा आपल्या सुरुवातीच्या बरोब्बर खाली येऊन उभा. सगळा प्रोग्रॅम पडद्यावर ताणला गेला, वाकला, उतू गेला, पण कोण कोणाच्या आत, ते एका ओळीनेही सोडलं नाही. टोइवोने फाइल उघडून जुनीशी ताडून पाहिली. अक्षराचाही फरक नव्हता. इतकं हललं आणि काहीच हललं नाही! मार्लिसच्या अंगावर काटा आला. हे आपल्याच हातून झालं, यावर तिचा विश्वास बसेना.

"वाईट नाही," टोइवो म्हणाला. त्याने स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढी स्तुती केली नव्हती. चष्मा पुसायला तो उगाचच खिडकीकडे वळला.

ब्रेंटने घसा खाकरला. "पण मार्लिस, पुढे नजर आणखी गेली तर? पडद्यावर एकच शब्द मावायला लागला तर?"

मार्लिसने अक्षरं तेवढी मोठी केली. पडद्यावर एकच शब्द उरला. धुक्याच्या कडेने तिने तो पाहिला, त्याच्या डावीकडची मोकळी जागा पाहिली, आणि सावकाश म्हणाली, "हा 'उघड' आहे. आत सरकलाय, म्हणजे ट्रक खाली उभा असेल तरच. ब्रेंट, माझी खुर्ची हलवायची नाही."