प्रेमला ओव्हाळ आणि वाकडं हेड

"तुम्ही टेपरेकॉर्डर दुरुस्त करता का हो?" असं कुणी विचारलं की प्रेमला ओव्हाळ आधी त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळतात आणि मग सांगतात, "टेपरेकॉर्डर नाही. डेक. टेपरेकॉर्डर कोपऱ्यावरचा भंगारवाला घेतो. त्याच्याकडे चांगला भाव मिळेल."

बिबवेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटची गॅलरी हीच त्यांची कार्यशाळा. एका बाजूला कपडे वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूला टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, मीटर आणि पोट उघडून पडलेला एखादा डेक. नवरा रतन पीएमटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला. तो टॉवेल काढायला गॅलरीत आला तरी बाईंची परवानगी घेऊन येतो. "आत पेशंट आहे का?" असं विचारतो. असेल तर ओल्या अंगाने थांबतो.

प्रेमलाबाईंची जवानी भोसरीच्या एका कारखान्यात गेली. तिथे कॅसेट वाजवणारे डेक बनत. बाईंच्या विभागात सगळ्या मुलीच होत्या. मुलींची बोटं नाजूक असतात म्हणून हे काम त्यांना देतो, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. "बोटं नाजूक आणि पगार त्याहून नाजूक," असं प्रेमलाबाई मैत्रिणींना सांगायच्या. काम मात्र त्यांना मनापासून आवडायचं. आंबेडकर जयंतीला वस्तीतल्या कर्ण्याचा आवाज फाटला की वडील त्यांनाच हाक मारायचे. कारखान्यात लागल्यावर तर वस्तीत त्यांचा रुबाब इंजिनिअरच्या वरचा होता.

काम होतं हेड लावण्याचं. हेड म्हणजे डेकमधला नखाएवढा चकचकीत ठोकळा. त्यात केसापेक्षाही बारीक अशी एक उभी फट असते. टेप तिच्यावरून सरकते आणि ती फट टेपवरचा आवाज वाचते. फट टेपला अगदी काटकोनात उभी राहिली पाहिजे. ती जराशी जरी कलली तरी सगळ्यात आधी बारीक आवाज जातात. तंबोऱ्याची जवार जाते, झांजेची किणकिण जाते, गाणाऱ्याच्या तोंडचा 'स' जातो, आणि मागे उरतो तो गोधडीतून बोलल्यासारखा आवाज. मोटर कितीही महागाची घाला, वेग कितीही एकसारखा ठेवा, हेड वाकडं असेल तर सगळं मुसळ केरात. त्या हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक लहानसा स्क्रू असतो. तो एखाद्या केसाइतका फिरवायचा, मीटरचा काटा बघायचा, पुन्हा फिरवायचा. प्रेमलाबाईंच्या हातून वाकडं हेड कधी बाहेर गेलं नाही, आणि ही गोष्ट त्या कुणाला सांगायची विसरल्या आहेत असंही कधी झालं नाही.

पुढे सीडी आली, कारखाना बंद पडला. बाईंनी पोळीभाजीचे डबे केले, पाळणाघर चालवलं, मुलगी अक्षता शिकून आयटीत लागली. आणि मग एकाएकी ऐन पंचविशीतल्या पोरांना कॅसेटचं वेड लागलं. अक्षताने आईचा फोटो कुठेतरी टाकला आणि गॅलरीत पेशंटांची रांग लागली.

त्याच रांगेत एके दिवशी सदाशिव पेठेतले दीनानाथ मेहेंदळे आले. विमा कार्यालयातून निवृत्त, वय ऐंशीच्या घरात, डेक चादरीत गुंडाळून रिक्षातून मांडीवर आणलेला.

"आपणच का त्या डेकवाल्या बाई?"

"मीच."

"दुकानाची पाटी दिसत नाही."

"पाटी लावली की लोक येतात," प्रेमलाबाई म्हणाल्या.

मेहेंदळ्यांना उत्तर आवडलं असावं, कारण ते न सांगता खुर्चीवर बसले. डेक अडखळत होता, टेप गिळत होता. बाईंनी झाकण काढलं. पट्टा सैल होऊन लोंबत होता, रबरी चाक दगडासारखं कडक झालं होतं. तेवढं अपेक्षितच होतं. पण हेडकडे भिंगातून पाहिलं आणि बाई चुकचुकल्या. हेड चांगलंच कललेलं.

"काका, ह्याच्यावर आवाज कसा यायचा?"

"आवाज! अहो, कॅसेट कंपन्यांनी दर्जा पार घालवला. पहिल्या दिवसापासून सांगतोय मी. नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या कपाटभर कॅसेट आहेत माझ्याकडे, एकीतही दम नाही. मी सगळ्या कंपन्यांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. उत्तर द्यायला तोंड हवं ना!"

"कंपन्यांचं राहू द्या. चार दिवसांनी या," बाई म्हणाल्या.

त्या चार दिवसांत बाईंनी त्या डेकचं सोनं केलं. नवा पट्टा, नवं चाक. आतल्या ज्या बारीक दांडीने टेप पुढे ओढली जाते ती घासून पुसून आरशासारखी केली. हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढलं. आणि शेवटी कारखान्यातून जपून ठेवलेली प्रमाणाची कॅसेट लावून हेड सरळ केलं, काटा तसूभर हलेना इतकं सरळ. मेहेंदळे आले तेव्हा बाईंनी त्यांचीच एक नाट्यगीतांची कॅसेट लावली. ऑर्गन असा वाजला की रतन टॉवेल न घेताच दारात उभा राहिला. मेहेंदळे डोळे मिटून ऐकत होते. अख्खं गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बरं आहे."

सदाशिव पेठेतल्या माणसाने 'बरं आहे' म्हणणं म्हणजे काय, हे पुण्यात राहून बाईंना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी रात्रीच्या जेवणाला शिरा केला.

बाईंची एक पद्धत होती. नवा पट्टा घातला की तो आठवडाभरात थोडा ताणला जाऊन जागा धरतो आणि डेकचा वेग किंचित बदलतो. म्हणून आठवड्यानंतर त्या स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वेग पुन्हा तपासायच्या. तशा त्या सदाशिव पेठेत गेल्या. दार मेहेंदळ्यांच्या पत्नीने उघडलं. मंदाकिनीबाई. "या" म्हणाल्या ते ओठ हलले म्हणून कळलं. आवाज नव्हताच, नुसता वारा होता.

"हिचा गळा गेला," मेहेंदळ्यांनी आतून सांगितलं. "थायरॉइडचं ऑपरेशन झालं दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून. त्याआधी तीस वर्षं गाण्याचा क्लास घ्यायची. एवढ्या मुलींना शिकवलंय की लक्ष्मी रोडला भाजी आणायला गेलं तर तास जायचा, ज्या त्या वळणावर नमस्कार." मग लगेच आवाज बदलून, "बाई, काय डेक केलायत तुम्ही! मी आठवडाभर घराबाहेर पडलो नाही."

बाई खुशीत आल्या. वेग तपासला, किंचित वाढवला. सामान आवरताना त्यांचं लक्ष शेजारच्या पत्र्याच्या डब्याकडे गेलं. आत कॅसेट होत्या, पण विकतच्या नव्हत्या. प्रत्येकीवर निळ्या शाईत रागाचं नाव.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्या," मंदाकिनीबाई कुजबुजल्या. "मुलींना घरी रियाजाला द्यायला म्हणून स्वतः गाऊन ह्याच डेकवर भरायचे. तेव्हा भरून दिल्या की पुन्हा ऐकायला वेळ नसायचा, आणि आवाज गेल्यावर धीर होत नव्हता ऐकायचा. मग डेक बंद पडला. आता चांगला झाला म्हटल्यावर परवा लावली एक."

"मग?"

"ठीक आहे." मंदाकिनीबाई हसल्या. "मला आपलं उगाच वाटायचं की मी बरी गात होते. पण यंत्र थोडंच खोटं बोलणार? असाच असेल माझा आवाज. जाडा, भरड. मुली बिचाऱ्या तोंडावर कशाला सांगतील?"

प्रेमलाबाईंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. त्यांनी न विचारता डब्यातली एक कॅसेट उचलली आणि लावली. गोधडी. तंबोरा कुठेतरी मोरीत वाजतोय असा, आणि त्याच्यावर एक बोदा, थकलेला आवाज. काय झालंय ते बाईंना एका क्षणात कळलं आणि त्यांचे कान तापले. कारखान्यात डेक कोरा यायचा, त्याला मागचं आयुष्य नसायचं. म्हणून आजवर त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं, की ह्या डेकवर तुम्ही घरी काही भरलंय का? विचारायचं सुचलंच नव्हतं. आपल्या सरळ हेडच्या तोऱ्यात त्यांनी ह्या बाईचा आवाज बुजवून टाकला होता, आणि ती बाई तोच आपला आवाज समजून उरलेलं आयुष्य काढणार होती.

"काकू, ही माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज असा नाही."

मग त्यांनी समजावलं. एका फणीत दुसरी फणी बसवायची तर दोन्हींचे दात एकाच कलाने धरावे लागतात. हेड वाकडं असताना जे भरलं ते टेपवर वाकडंच उमटलं. त्याच वाकड्या हेडवर ते स्वच्छ वाजायचं. आता हेड सरळ झालं, म्हणून कंपनीच्या कॅसेट उघडल्या आणि काकूंच्या मिटल्या.

"पण हेड मुळात वाकडं झालंच कसं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. "कारखान्यातून तर असं सुटत नाही."

मेहेंदळे खिडकीबाहेर बघू लागले. मग घसा खाकरून म्हणाले, "आणला त्याच दिवशी मी झाकण उघडून बघितलं होतं. आत एक स्क्रू ढिला होता. अर्धवट काम मला खपत नाही. मी घट्ट केला."

"स्प्रिंगवरचा?"

"स्प्रिंग होती खरी."

म्हणजे ज्या कंपन्यांना ह्या गृहस्थांनी पत्रं धाडली, त्या बिचाऱ्यांचा काडीचा दोष नव्हता. एरवी प्रेमलाबाईंनी त्यांना सोडलं नसतं. आज त्यांना तेवढं बळ नव्हतं.

"मग आता दोन्ही ऐकायला यायला काय करायचं?" मेहेंदळ्यांनी विचारलं. "रोज स्क्रू फिरवायचा?"

"तो नळ नाही काका. रोज पिळलात तर महिन्याभरात हेड डुलायला लागेल. एक काहीतरी ठरवा. सरळ ठेवलं तर तुमचं कपाट वाजेल. वाकडं केलं तर काकूंचा डबा."

"नात म्हणते, हिच्या कॅसेट फोनमध्ये घालू."

"तेही वाकडं केल्यावरच घालता येईल. आणि मग पुन्हा सरळ करायला हा जुना स्क्रू टिकेल, ह्याची खात्री मी देणार नाही."

मंदाकिनीबाईंनी हात हलवला. राहू दे. त्यांनी ओठांनीच सांगितलं, "ह्यांनी किती वर्षांनी ऐकलंय. बघा ना, आठवडाभर भांडले नाहीत."

मेहेंदळे उठले. कपाटापाशी गेले, काचेआडच्या कॅसेटच्या ओळींवरून नजर फिरवली. एक आठवडा. आयुष्यभर ज्या आवाजासाठी जगाशी वाद घातला तो मिळून फक्त एक आठवडा झाला होता. बाईंना वाटलं, आता हे काहीतरी लागट बोलणार.

"वाकडं करा," मेहेंदळे म्हणाले. "ती नाट्यगीतं अख्ख्या महाराष्ट्राकडे आहेत. हे फक्त ह्या डब्यात आहे."

प्रेमलाबाईंनी उभ्या आयुष्यात एकही हेड जाणूनबुजून वाकडं केलं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि हात अडला. सरळ करायला मीटर होता, प्रमाणाची कॅसेट होती. वाकडं किती करायचं ह्याचं प्रमाण कुठे असतं? मीटर ह्या कामाला कुचकामी होता. तीस वर्षांपूर्वीच्या एका मेहेंदळ्याने किती जोर लावला असेल, हे मीटरला काय ठाऊक?

"काकू, इथे बसा," बाई म्हणाल्या. "मी फिरवते. तुम्ही ऐका आणि हाताने सांगा."

मंदाकिनीबाई डेकला खेटून बसल्या. तीस वर्षं मुलींना सूर दाखवलेला हात त्यांनी वर उचलला. बाईंनी स्क्रू केसभर फिरवला. हात वर. आणखी केसभर. हात वर, वर. गोधडीचा एक पदर निघाला. तंबोऱ्याला जरा धार आली. आणखी थोडा. हात थांबला, मग झटकन खाली आला. बाई पुढे गेल्या होत्या. त्या मागे आल्या, अगदी नखाच्या टोकाइतक्या. आणि जवार खोलीभर पसरली. बांगडी पेटीवर आपटल्याचा आवाज आला, श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि मग एक तरुण, लख्ख, धारदार आवाज तार सप्तकात चढला आणि तिथे टिकून राहिला.

प्रेमलाबाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्यांनी कारखान्यात हजारो हेडं लावली होती, पण त्यातून काय बाहेर येतं ते कधी बसून ऐकलं नव्हतं. मेहेंदळे भिंतीला टेकून उभे होते आणि चष्मा पुसत होते, न थांबता पुसत होते.

मंदाकिनीबाईंचे डोळे मिटलेले होते. हात अजून हवेतच होता, आता सुराबरोबर चाललेला. तान खाली उतरली, आणि एकदम त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे उघडले.

"अगं, किती सुंदर गायलीयस," मेहेंदळे म्हणाले.

"सुंदर कसलं?" त्या कुजबुजल्या, पण त्या कुजबुजण्यात क्लास घेणाऱ्या बाईंची जरब होती. "निषाद उतरलाय. ऐकू येत नाही का? मागे घ्या."

मेहेंदळे लगबगीने पुढे आले आणि त्यांनी टेप मागे घेतली.