रिकाम्या समेची गाणी

विमान उतरू लागलं तेव्हा आधी दिसली ती जहाजं. किनारा अजून लांब होता आणि समुद्रभर जहाजं नांगर टाकून उभी होती. अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांसारखी, जिथे नजर जाईल तिथे. यातल्या कितींच्या पोटात आपला मिलिंद उतरला असेल, असं मनात आलं.

मिलिंद माझा धाकटा भाऊ, मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आता तो सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या कामावर देखरेख करतो. मी वेंगुर्ल्यात संगीतशिक्षिका होते, निवृत्तीनंतर घरीच तबला शिकवते. त्याने बोलावलं ते गाण्यासाठी. "ताई, जमैकाहून मिस डेल्मा येतायत. आमचा बँड त्यांच्या साथीला आहे. आता तरी ये."

विमानतळावर तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी हाक मारली, "मिल्या!" आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले, पण तो नाही. शेवटी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला आणि मग मिठी मारली. गर्दीत ऐकू आलं नसेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मिलिंद राहतो पुंगोलला. उंच इमारती, मधून नेलेलं पाणी आणि बाबागाड्या ढकलणारे तरुण आईबाप. दोन डब्यांची छोटी एलआरटी रेल्वे चालकाशिवाय या इमारतींभोवती फिरते. दुसऱ्या दिवशी एकटीने बाहेर पडायची हौस मला नडली. एलआरटीचे दोन फेरे आहेत, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, आणि मी बसले नेमकी उलट्या फेऱ्यात. उतरायचं स्टेशन काही येईना. लोकांच्या गॅलरीतले कपडे, कुंड्या, देवघरातले लाल दिवे बघत मी मजेत पूर्ण चक्कर मारली आणि निघाले तिथेच परत आले. घरी मिलिंदची बायको स्नेहल हसून म्हणाली, "ताई, सगळ्यांचं एकदा तरी होतंच हे. आता तुम्ही पुंगोलकर झालात."

जमैकाच्या गाण्याशी मिलिंदची गाठ पडली ती पहिल्याच बोटीवर. ॲल्युमिनिअमची माती भरायला त्यांची बोट जमैकाला लागली होती. संध्याकाळी हा पोरगा गावात गेला, तर एका गल्लीत माणसाहून उंच स्पीकर एकावर एक रचलेले आणि सगळी गल्ली डोलतेय. येताना त्याने पिशवीभर कॅसेटी आणल्या. गरीब वस्त्यांतून आलेले, चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेले ते गायक. छोट्याशा खोलीत, मोजक्या यंत्रांवर त्यांनी ध्वनिमुद्रणं केली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती जगभर वाजतायत. भूक, पोलीस, प्रेम, देव, परत घरी जाण्याची ओढ, सगळं एकाच गाण्यात, आणि तरी ऐकताना माणूस उभारी धरतो.

मला मात्र पहिल्यांदा ऐकताना त्या गाण्यांचा ताल सापडेना. चार मात्रांचं आवर्तन आहे हे कळत होतं. आपण पहिल्या मात्रेवर, समेवर, जोर धरून बसतो. इथे समेवर ढोल वाजतच नाही! तिथे नुसती जागा. जोर येतो तिसऱ्या मात्रेवर, जिथे आपण 'खाली', म्हणजे बिनजोराची जागा, दाखवायला हात उलटा करतो. मी हातावर धरून बघितलं आणि एकटीच हसले. आमचे बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे. त्यांनी हे ऐकलं असतं तर जेवण विसरले असते.

तालीम होती शहराच्या आंग मो किओ भागात, कारखान्यांच्या इमारतीतल्या एका भाड्याच्या खोलीत. खालच्या मजल्यावर सर्किटचे सुटे भाग बनतात, वर हे लोक वाजवतात. ड्रमवर अझमान, दाढीवाला, हसरा मलाय शाळामास्तर. मिलिंद बेस गिटारवर. अझमानने मला खुर्ची दिली. "आंटी, यू सिट हिअर. टू लाउड, यू टेल मी, कॅन?"

मग मिस डेल्मा आल्या. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी बाई, डोक्याला पिवळा रुमाल, हातात काठी. मोठमोठ्या गायकांच्या मागे त्यांनी आयुष्यभर गायलं. स्वतःच्या नावावर चारदोनच गाणी. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि गायला लागल्या. आवाजाला वय लागलं होतं, पण खोटा एकही स्वर नव्हता.

तिसऱ्या गाण्यात गडबड झाली. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात, बाई एकटी एक ओळ गाते, अझमान वरच्या बारीक झांजेवर इशारा देतो आणि बेसने एकट्याने उचलायचं असतं. मिलिंदने उशिरा उचललं. परत घेतलं, तर लवकर. परत उशिरा.

"ब्रदर, लिसन टू माय सिंबल लाह," इथल्या बोलण्यातलं ते 'लाह'चं शेपूट लावून अझमान म्हणाला. चिडून नाही, पण थकून.

मिलिंदने गिटार उतरवली. "माझ्याऐवजी दुसरा कुणी बघा. कामाचा फार ताण आहे सध्या," असं इंग्रजीत म्हणून तो बाहेर गेला.

मी त्याच्या मागोमाग खाली उतरले. समोरच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या पन्नास गाड्या एका छपराखाली आणल्या तर जसं दिसेल तसं खानावळींचं आवार) तो बसला होता. मी टेबलावर रुमाल ठेवला, म्हणजे इथल्या रिवाजाने जागा माझी, आणि जाऊन दोन कोपी (कंडेन्स्ड दूध घातलेली दाट कॉफी) आणि एक सांबल स्टिंगरे घेऊन आले. केळीच्या पानावर भाजलेली, वरून लाल तिखट थापलेली मासळी. पहिला घास खाल्ला आणि मी म्हटलं, "अरे, हे तर आपलं पाकट!"

तो हसला नाही. माझ्या ओठांकडे बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मिल्या, तुला ऐकू येत नाही ना?"

त्याने पानाची कड दुमडली. मग म्हणाला, "जाडे आवाज येतात. बेस येतो, इंजिन येतं. बारीक आवाज गेले, ताई. झांज येत नाही. स्नेहल स्वयंपाकघरातून बोलली की नुसतं कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं."

"कधीपासून?"

"हळूहळू. इंजिनरूममध्ये कानावर काही न घालता मर्दुमकी दाखवायचो आम्ही."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"ऑफिसात कळलं तर जहाजावर कोण पाठवेल मला? आणि बँडला काय सांगू? बहिऱ्याला वाजवायला घ्या म्हणून?"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अझमानचा हात धरून मिस डेल्मा आल्या होत्या. त्या समोर बसल्या, मिलिंदचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. म्हणजे त्यांना कळलं होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी त्या तिघी मैत्रिणी एका गायकाच्या मागे गाणार होत्या. तिघींना मिळून एकच माइक, कानाला लावायला काही नाही. त्या दिवशी डेल्माला सणसणीत सर्दी, दोन्ही कान बंद. स्वतःचाच आवाज ऐकू येईना. घरी पाठवलं असतं तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं. शेजारच्या मैत्रिणीने तिचं कोपर धरलं आणि जिथे शिरायचं तिथे दाबलं. डेल्मा तशीच गायली. "ते गाणं तू बोटीवर ऐकलं असशील. अजून वाजतं. माझे कान बंद होते, हे त्यात कुणाला ऐकू येतं?"

मिलिंद म्हणाला, "पण मी वाजवताना माझं कोपर कोण धरणार?"

मी म्हटलं, "कोपर कशाला हवं? तुला डोळे आहेत ना?"

आणि तिथेच, पाकटाच्या पानाशेजारी, मी टेबलावर हात धरला. टाळी, बोट, उलटा हात, बोट. लहानपणी आमच्यातलं एक तबल्यावर बसलं की दुसऱ्याने समोर बसून असाच ताल धरायचा, ही बाबांची शिस्त होती. मिलिंद बघत राहिला. मग त्याची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप चालायला लागली. मिस डेल्मांनी विचारलं, "ही काय करतेय?" त्याने समजावलं तेव्हा त्या टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "मग हिला पुढे बसवा!"

अझमानला मिलिंदने त्याच वेळी, माझ्यादेखत, सगळं खरं सांगितलं. अझमान म्हणाला, "व्हाय यू नेव्हर से? आय थॉट यू बोअर्ड ऑफ अस लाह."

कार्यक्रम आंग मो किओमध्येच, इमारतींच्या मधल्या उघड्या मंचावर, संध्याकाळी होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखे हलवणाऱ्या आज्या, ऑफिसातून थेट आलेली माणसं. मी पहिल्या रांगेत बसून हात धरला. दोन गाणी सुरळीत गेली. तिसरं, तेच ते, सुरू झालं आणि एक उंचापुरा गृहस्थ बायकोला घेऊन माझ्यासमोर येऊन नाचायला लागला. मिलिंद दिसेनासा झाला.

मी "एक्स्क्यूज मी" म्हणून बघितलं. तो आनंदाने माझाच हात धरून मला नाचवायला लागला! थांबायची जागा जवळ येत होती. मी हात सोडवला, पदर खोचला आणि सरळ पायऱ्या चढून मंचावर गेले. स्पीकरच्या खोक्यावर मिलिंदसमोर बसले. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या पडल्या. माझा हात चालूच होता.

वाद्यं थांबली. मिस डेल्मांनी डोळे मिटून ती ओळ गायली. मिलिंद माझ्या तळहाताकडे बघत होता. टाळी, बोट, आणि हात उलटा होताच त्याची तार वाजली. जिथे वाजायला हवी तिथेच. खोक्यातून तो आवाज माझ्या हाडांत शिरला. मिस डेल्मा पुढची ओळ गाता गाता खळखळून हसल्या, आणि हसू आवरायच्या आत सूर पकडला. समोर बघते तर पहिल्या रांगेतल्या आज्या माझं बघून हात उलटेसुलटे करत होत्या.

मिस डेल्मा आपल्या देशी गेल्या. मिलिंदने घरीही सगळं सांगितलं होतं; त्या जाताच स्नेहल त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता तो नाही म्हणाला नाही. उंच सूर गेलेत, खालचे शाबूत आहेत, यंत्राने बराच फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले आणि काही दिवस वापरून बघायला यंत्रं दिली. ऑफिसातही त्याने स्वतःच सांगितलं. तिथे काय ठरतं ते अजून बघायचं आहे. पण लपवाछपवी संपल्यावर माणसाच्या खांद्यांची ठेवण बदलते, ती मी बघितली.

यंत्रं लावल्यावर दुसऱ्या सकाळी तो गॅलरीत उभा होता. खाली कोकीळ जीव तोडून ओरडत होता. मिलिंद वैतागून म्हणाला, "हा रोज इतका ओरडतो?"

"रोज पहाटेपासून," स्नेहल म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

मग त्याने मिस डेल्मांचं ते सर्दीतलं गाणं लावलं. मध्येच मला हाताने थांबवलं. "ताई, मागे तिघी गातायत! मला वाटायचं रेकॉर्डिंगच झिजलंय." त्याने ते परत लावलं, परत लावलं, आणि मग थेट मिस डेल्मांना फोन करून विचारलं की तुमच्याबरोबरच्या दोघी कोण. कारण तबकडीवर फक्त पुढच्या गायकाचं नाव असतं.

मी परत आले. विमानातून तीच जहाजं दिसली असतील, पण मी झोपले होते. आता घरी संध्याकाळी स्वयंपाक करताना मी ही गाणी लावते. इतक्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या माणसांचे आवाज एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आणि तिथून माझ्या ओट्यापर्यंत आले, याचं नवल अजून ओसरलेलं नाही. परवा शेजारच्या सुमनकाकी वाटीभर विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"कसलं गो हे? भजन?"

"जमैकाचं आहे, काकी."

त्या चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. "गातो चांगला. पण त्याच्या मागे बायका कोण गो? त्यांच्यामुळे गोडी आलीय."

मी हातातला झारा खाली ठेवला. "डेल्मा," मी म्हटलं, "पर्ल आणि आयरीन."